पूर्वेकडं पळा, वजन घटवा

तुम्ही चहा पाजून राहिले म्हणून सांगतो, नाहीतर ही फजिती मी घरीही सांगितली नाही.

दिवाळीनंतर मुर्रीच्या मंडईत, म्हंजे गावच्या जत्रेत, कबड्डी होती. पंचावन्न किलोचा गट. काटा त्याच्या वर गेला का तुम्ही बाहेर. आम्ही कामठ्याचे मोजून सात जण, जास्तीचा एकही नाही. सकाळी घरच्या काट्यावर माझं बरोबर पंचावन्न भरलं, अन् आमच्या दिन्याचं तीनशे ग्राम जास्त.

दिन्या रडकुंडीले आला. "भाऊ, तू बीएस्सी हायस. काहीतरी सांग ना."

असं कोणी विचारलं का माझ्या अंगात येते. मी तोंड एकदम गंभीर केलं.

"पृथ्वी पूर्वेकडं फिरते. फिरते म्हणून आपण थोडे हलके भरतो. तू पूर्वेकडं पळाला का अजून हलका होशील."

खोटं नाही बोललो बरं का. पुस्तकात हायच हे. फक्त पळता पळताच हलका होते, अन् तेही ग्राम-दोन ग्राम, एवढं सांगायचं ठेवून दिलं.

"पण वापस येताना पश्चिमेकडं यावं लागन ना?"

"उलटा ये. तोंड पूर्वेकडंच ठेव."

दिन्या कालव्यापर्यंत पळत गेला, उलटा चालत आला. पाच चकरा! त्याले पाहून बाकीचे पाचही लागले. मी झाडाखाली बसून आलुबोंडे खात त्यांच्या चकरा मोजून राहिलो होतो. इतकी मजा मले आयुष्यात आली नाही.

दुपारी मैदानात वजन. दिन्या चोपन्न आठशे. घामानं उतरलं हो, पण पोरांनी मलेच खांद्यावर घेतलं.

शेवटी मी काट्यावर चढलो. पंचावन्न दोनशे.

पंच म्हणे, "वीस मिनिटं देतो."

आमचा कॅप्टन बबन लालबुंद. "आमाले ज्ञान देल्लं, अन् तू कायले नाही पळाला बे?"

"अबे, मजाक होती. नुसता घाम गाळायचा, दिशेनं काही होत नाही."

"दिन्याचं झालं ना? पळ. पूर्वेकडं."

स्वेटर चढवून पळालो. अख्खी मंडई मोबाईल काढून उभी, अन् मी उलटा उलटा येऊन राहिलो.

तरी पंचावन्नच्या वर पन्नास ग्राम!

माझ्याबिगर सहाच जण मैदानात उतरले, पहिल्याच सामन्यात बाहेर.

बबन म्हणे, "याचं काऊन नाही उतरलं?"

दिन्या मान हलवत म्हणाला, "येताना यानं एकदा मागं वळून पाह्यलं, पश्चिमेकडं. मी पाह्यलं ना."

सगळे माझ्याकडं पाहून राहिले. अन् मी, बीएस्सी, मान खाली घालून म्हणालो, "मागून गाय आली होती."