दादाच्या हातातलं नॅट

दादाची दृष्टी काचबिंदूनं गेली आणि वहिनीही गेल्या, तेव्हा मी त्याला माझ्या घरी पांढरकवड्याला घेऊन आले. मीही एकटीच होते. दादानं ऐन तारुण्यात हवाई दलात विमानं दुरुस्त केली होती. हैदराबादच्या भाच्यानं त्याच्यासाठी कुरिअरनं हवाई दलातल्या जुन्या विमानांची लहान मॉडेलं पाठवायला सुरुवात केली. ओतीव धातूची, तळहातावर मावतील एवढी, पण हाताला चांगली जड.

मी खोकं उघडून विमान त्याच्या हातात द्यायची. तो बोटं फिरवायचा.

"दोन पंखे हायेत. डाकोटा." किंवा, "पंखाच्या बुडाशी हवेची भोकं लागून राह्यली. हंटर हाय हे."

कधीच चुकला नाही. चाकाची जागा जराशी सरकलेली असली तरी मॉडेल बनवणाऱ्यावर चिडायचा. विमान यायचं त्या दुपारी त्याचा चेहरा असा उजळायचा, की मीच भाच्याला फोन करून विचारायची, आता पुढचं कधी?

एकदा अगदी लहानसं विमान आलं. दादानं त्याच्या पाठीवरून बोट नेलं, वैमानिकाच्या जागेवरच्या काचेपाशी थांबला.

"काहून गप झाला, दादा? ओळखू नाही आलं?"

"नॅट हाय," तो म्हणाला. "लढाईत याच्यात एका पोराले मीनं बसवलं होतं. माह्याच वयाचा पायलट. पट्टे म्याच आवळले. हसून म्हने, कस के बांध, छोटे. गेला तो आलाच नाही."

"मंग?"

"मंग काय! बाकीची सारी आली. मी त्याले उतराले शिडी धरून उभा राह्यलो, अंधार पडेपर्यंत."

मी मनात हिशेब केला. पन्नास वर्षं! त्यातली कितीतरी वर्षं हा माणूस सुट्टीवर घरी यायचा आणि आम्ही बहिणी त्याच्या ट्रंकेभोवती कॅन्टीनचा साबण, पावडरचे डबे शोधत बसायचो.

"मले कधी सांगतलं नाही तू," मी म्हटलं.

"तुमी कधी इचारलं नाही, बाई." आवाजात राग नव्हता. मग त्यानं ते विमान माझ्या हातात दिलं. "जपून ठेव."

पुढच्या दिवाळीच्या आधी दादा गेला. भाचा आला, तेव्हा त्यानं सगळी मॉडेलं माझ्याकडेच राहू दिली. आता रोज दुपारी हायवेवरच्या ट्रकांचा आवाज ऐकत मी एकटीच चहा घेते आणि मनातल्या मनात दादाला विचारत राहते. तो पोरगा कुठल्या गावचा होता? त्याच्या घरी कोण होतं? आणि शिडीपाशी तू उभा होतास, तेव्हा तुला कुणी पाणी तरी विचारलं का रे?