पंधरा सेकंद

रोज सकाळी साडेसातला मल्लप्पाअण्णा ट्रान्झिस्टर छातीला लावून आमच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, घड्याळ काढा."

शुक्रवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आमच्या घराला लागून होतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि माझ्या घड्याळाला सेकंदकाटा होता, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. अण्णांचं हृदय मंद चालायचं. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीत कातडीखाली पेसमेकर बसवला होता. दोन स्टेशनांच्या मधली खरखर लावून रेडिओ त्यावर धरला, की यंत्राचा प्रत्येक झटका 'टक्' असा ऐकू यायचा. मिनिटाला बहात्तर. "पाचाने कमी झाले की सेल उतरला समजा आणि तडक या," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण अण्णा पूर्ण मिनिट कधी मोजू देत नसत. पंधरा सेकंद झाले की "साकु!" म्हणून खटकन रेडिओ बंद करायचे. साकु म्हणजे कानडीत पुरे. मग चारनं गुणायचं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, पंधरा सेकंदांत एक ठोका इकडचा तिकडे झाला तर मिनिटाला चारचा फरक पडतो."

"आन् रेडिओचं सेल काय तुमच्या शाळेतनं येतेत व्हय?" ते हसून म्हणाले. मीही हसले आणि चारनं गुणलं.

सेल वाचवणं हा त्यांचा धर्मच होता. गिऱ्हाइकाला रेडिओ परत देताना पैशांआधी उपदेश मिळायचा, "आवाज निम्मा ठेवा की. सेल लई दिवस चालतोय." उतरलेले सेल ते दुकानाच्या पायरीवर उन्हात मांडायचे आणि आणखी चार दिवस चालवून दाखवायचे. अशा माणसाच्या छातीत बटण नसलेलं यंत्र बसलं होतं, याचा त्यांना मनापासून राग होता. "माझं काळीज मधनंमधनं आपलं आपण चालतंय की, बाई. तरी ह्यो गडी ढकलतोयच. भर दुपारी कंदील लावून बसलाय बघा!"

हृदय स्वतःहून चाललं की गप्प बसणारं, अडलं तरच झटका देणारं नवं यंत्र आता मिळायला लागलंय, पण ते हातात यायला दिवाळी उजाडेल, असं मुंबईहून पत्र आलं. ते पत्र अण्णांनी मला तीनदा वाचायला लावलं. दुकानात रंगवून रंगवून सांगायचे, "त्याला कळतंय कवा गप बसायचं. माणसालाबी कळंना ते!" आता जुन्याचा सेल दिवाळीपर्यंत पुरवायचा आणि छाती एकदाच कापून घ्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

श्रावणात अठरा टक् यायचे. नवरात्रात सतरा झाले. सतरा चोक अडुसष्ट. "चारच कमी. पाच कुटं झाले?" अण्णा म्हणाले. पुढे रोज सतराच यायचे. टक्‌टक् जरा सैल पडल्यासारखी वाटायची, पण हिशेब अडुसष्टच सांगायचा, आणि मी तोच सांगायचे. अण्णा सदरा काढून पायरीवर उन्हात बसायला लागले. "काय करताय?" विचारलं तर छातीवर हात ठेवून म्हणायचे, "सेल तापवतोय."

दिवाळीला आठवडा असताना, शनिवारी मी शाळेतून येत होते. दुकानासमोर गर्दी होती. अण्णा कामाच्या टेबलावर डोकं टेकून बसल्या जागी गेले होते. डॉक्टर तपासून नुकतेच बाहेर पडले होते. गंगव्वाकाकूंनी नवऱ्याला चटईवर निजवून छातीवर ट्रान्झिस्टर ठेवला होता.

"बाई, त्यो डॉक्टर खोटं बोलतोय. ऐका. चालू हाय की!"

टक्. टक्. टक्.

मी घड्याळ काढलं. पंधरा सेकंद झाले. साकु म्हणायला कुणी नव्हतं. मी पहिल्यांदाच पूर्ण मिनिट मोजलं. पासष्ट. बहात्तराला सात कमी. यंत्र अजून ढकलत होतं, पण झटक्यात जोर उरला नव्हता. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काकू, हे यंत्र आहे. अण्णा नाहीत," हे मलाच सांगावं लागलं.

"यंत्र काढून घ्यायचं का?" कुणीतरी विचारलं. काकू म्हणाल्या, "राहू द्या. चालू सेल त्यांनी कदी काढला न्हाई."

त्यांच्या समाजात दहन नसतं. संध्याकाळी अण्णांना मातीत बसवलं, विभूती लावून. लोक भजन म्हणत होते. मला मात्र त्या मातीखालून टक् ऐकू येत होतं, आणि मी मोजत होते. आजही दोन स्टेशनांच्या मधली खरखर मला सहन होत नाही.

शाळेत नाडी मोजायला शिकवताना मुलं पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायला बघत. मी त्यांना पूर्ण मिनिट मोजायला लावायचे. बाई उगाच वेळ घालवतात, असं मुलं म्हणायची.