रंगनाथचे सात आटे

रंगनाथ गेला तेव्हा त्याच्या हातात रिकामी घागर होती. सकाळी दहाच्या सुमारास कौसल्यावहिनींचा फोन आला. "वसंतभाऊ, टँकरच्या रांगेत उभे व्हते हे. नंबर जवळ आला अन् खाली बसले... उठलेच नाय." ज्या माणसाने बावीस वर्षे आमच्या भागाला पाणी सोडले, तो पाण्याच्या रांगेत गेला. आता महिना उलटला. भेटायला येणारे म्हणतात, झाले गेले, राग सोडा. मी सोडणार नाही. कोणी सोडू नये म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

रंगनाथ करमाडचा, शेतकऱ्याच्या घरातला. शहरात आला आणि पाणीपुरवठ्यात लाइनमन झाला. मी त्याच खात्यात कारकून. आमच्या घरात तीन पिढ्या लेखणीच घासत आलेल्या. दोघे एकाच वस्तीत राहायचो. नाक्यावरच्या चेंबरमध्ये दोन व्हॉल्व्ह होते, एक आमच्या वस्तीचा आणि दुसरा टेकाडावर नव्याने उभ्या राहिलेल्या सोसायटीचा. ते उघडायची चावी म्हणजे छातीएवढी उंच, वर आडवी मूठ असलेली लोखंडी सळई. खात्याची चावी झिजून निसटायची, म्हणून रंगनाथने लासूर स्टेशनच्या लोहाराकडून स्वतःची एक घडवून घेतली होती. ती फिरवताना तो मोठ्याने आटे, म्हणजे चावीचे पुरे फेरे, मोजायचा. वस्तीला सात, सोसायटीला सात. एका बाजूला वस्तीतल्या शाहीनआपा आणि दुसऱ्या बाजूला सोसायटीचा वॉचमन, असे दोघे साक्षीला उभे राहिल्याशिवाय चेंबरचे झाकण उचलायचा नाही. खात्याच्या कुठल्याही नियमात हे नव्हते. आम्ही ऑफिसात त्याची टिंगल करायचो की, तुझ्यापेक्षा कोर्टात कमी साक्षीदार लागतात.

त्याच्या मुलीचे लग्न होते त्या दिवशी शाहीनआपा म्हणाल्या, "भाई, घर में शादी है, एक आटा ज्यादा घुमा दो. कौन बोलेगा?" रंगनाथ सातवर थांबला. "आपा, आज माह्या पोरीसाठी फिरवला, तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडानं नाय म्हणू?" मग वऱ्हाडासाठी घरोघरून हंडे गोळा झाले. वहिनी चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. वस्तीतले काही जण सोसायटीचे पाणी तोडायला सांगायचे, त्यांनाही तो हेच म्हणायचा, "वरची लेकरंबी तहानतातच की." माझा हा मित्र असा अडेलतट्टू होता, आणि तेव्हा मला त्याचा राग यायचा.

मग पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला. टेकाडावर मात्र एकामागून एक इमारती चढतच होत्या. त्या इमारतींत ज्याची भागीदारी, तोच आमचा नगरसेवक. नाव लिहीत नाही. वस्तीत कोणालाही विचारा. एके दिवशी तो चेंबरपाशी गाडी थांबवून म्हणाला, "वस्तीला तीन ठेव, बाकी वर सोड. वस्तीत मी टँकर पाठवतो." रंगनाथ शांतपणे म्हणाला, "लेखी द्या साहेब. अन् इथंच उभे ऱ्हाऊन तीन तुम्हीच मोजा, मोठ्यानं." गाडी निघून गेली. आठ दिवसांनी आदेश निघाला: व्हॉल्व्हचे आटे जाणूनबुजून खराब केल्यामुळे गोदामात बदली.

तो आदेश मी टाइप केला. आटे धडधाकट होते हे मला ठाऊक होते. मसुद्यातली दोन वाक्ये मोडकी होती, ती मी नीट केली. खोटे होते तसे ठेवले. निवृत्तीला थोडी वर्षे राहिली होती, एवढेच माझे कारण. रंगनाथने कागद दोनदा वाचला. म्हणाला, "लई चांगलं लिव्हलंय, वसंतभाऊ." त्यानंतर त्या विषयावर तो मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही... बोलला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्याच दिवशी वस्तीला तीन आटे झाले, ते आजतागायत तीनच आहेत. आणि वस्तीत येणाऱ्या टँकरवर त्या गृहस्थाचा हसरा फोटो असतो. रंगनाथ गोदामात पाइप राखत निवृत्त झाला, आणि त्याच फोटोसमोर घागर घेऊन उभा राहू लागला.

दहाव्याच्या दिवशी तो फोटोवाला स्वतः आला. पांढरेशुभ्र कपडे, मागे चार माणसे. "चौकाला रंगनाथरावांचं नाव देऊ," म्हणाला. घरी आलेल्याच्या हाती आधी पाणी द्यायचे, ही आपली रीत. वहिनी जागच्या उठल्या नाहीत. "साहेब, पाणी द्यायला पायजे व्हतं. पण आज वस्तीला सुटायचा दिवस नाय." बाहेर चाळीसच्या वरचे ऊन. त्याने ओठांवरून जीभ फिरवली, इकडेतिकडे पाहिले. शेजारच्या एकाही घरातून तांब्या आला नाही. दुःखाच्या घरात आनंद होऊ नये म्हणतात. मला झाला.

तो गेल्यावर वहिनींनी चावी आणून माझ्यासमोर ठेवली. "लिव्हलं तुम्ही व्हतं. आता फिरवा बी तुम्हीच."

तेव्हापासून ती माझ्या दाराआड उभी आहे. मुठीवर त्याच्या तळव्यांनी घासून घासून चकाकी आली आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता, सगळ्यांदेखत, मी ती घेऊन नाक्यावर जाणार आहे. शाहीनआपा येणार आहेत, वॉचमनलाही निरोप दिला आहे. साहेबांनीही यावे. माझ्यावर कारवाई करायची तर खुशाल करा. कागद टाइप करायला कोणी मिळाले नाही तर मी स्वतः करून देईन, फक्त या वेळी त्यात खरे लिहीन: सात आटे खाली, सात आटे वर.