दाजींची मऊ गाडी

दाजी स्वतःच्याच गाडीच्या मागच्या सीटवर आडवे झाले, गुडघे पोटाशी घेतले, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "आता चालव, तंगी. मागं तुझी अक्का झोपलीय असं समज."

नांदेडच्या एका टायरच्या दुकानासमोर, भर दुपारी हे चाललं होतं. दाजी धिप्पाड माणूस. सीटवर मावत नव्हते. अनवाणी पाय पलीकडच्या दाराला टेकले होते. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. दुकानदार हनीफभाईसुद्धा हसणार होते, पण दाजींचा चेहरा पाहून थांबले आणि त्यांनी पुढं होऊन दार हळूच लावलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. देगलूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. घरात कानडी, दुकानात मराठी, गिऱ्हाईक सीमेपलीकडचं असेल तर तेलुगू, आणि राग आला की दखनी. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. तंगी म्हणायचे, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. अक्काला पाहायला ते आमच्या लोहा गावातल्या घरी आले तेव्हा मी शाळेत होते. पाहुणे आत पोहे खात बसले होते आणि नवरा मुलगा बाहेर गल्लीतल्या पोरांना जीपमध्ये बसवून फिरवत होता. आमचे बाबा दारात येऊन म्हणाले, "पोरगी पाहायला आलात का जीप दाखवायला?" दाजी खाली उतरून म्हणाले, "दोन्ही बगून घ्या मामा. तिला पुढं दोघांसंगंच ऱ्हायाचंय." बाबांना राग यायला हवा होता. ते हसले, आणि लग्न ठरलं.

गाडीचा शौक त्यांना शेवटपर्यंत होता. पुढं धंदा वाढला, घरात माणसं वाढली, तशी त्यांनी सात जणांची उंच गाडी घेतली. घेतल्याबरोबर कंपनीचे टायर काढून टाकले आणि मोठ्या रिमवर चौडे, जाड खाचांचे टायर बसवले. डोंगरदऱ्यांत नेणाऱ्या गाड्यांना असतात तसे. देगलूरच्या आसपास त्यांना कोणत्या डोंगरात जायचं होतं कोण जाणे. डांबरी रस्त्यावर त्या टायरांचा घुंऽऽ असा आवाज येई. अक्का म्हणायची, "पिठाच्या गिरणीत बसून आल्यागत वाटतंय." त्यावर दाजी म्हणायचे, "मग? दाजी आले हे गल्लीला कळाया नको का?"

पण हाच माणूस गाडी चालवायला बसला की वेगळा व्हायचा. मला गाडी त्यांनीच शिकवली, लोह्याच्या बाजाराच्या मैदानात, बाजार नसेल त्या दिवशी. "पायानं चालवू नको, पोटानं चालव," म्हणायचे. "बिरेक मारलीस की मागच्याच्या पोटातलं पाणी हललं न्हाई पायजे." मी एकदा खड्ड्यातून गाडी आदळत नेली तेव्हा ते खाली उतरून म्हणाले, "खड्डा सरकारचा हाय, हाव. पण त्यातून गाडी घातली कुणी?"

अक्काचं दुखणं कमरेपासून सुरू झालं. वय झालं, वजन वाढलं, असं म्हणत आम्ही सगळ्यांनीच काही महिने घालवले. मग तपासण्या झाल्या आणि कॅन्सर हाडांत उतरल्याचं कळलं. पाठीचे मणके पोखरले होते. नांदेडला रेडिएशनचे शेक घ्यायला यावं लागे. मी नांदेडलाच राहते; माझ्याकडे राहा म्हटलं तर अक्का ऐकेना. तिला रात्रीचं अंथरूण आपल्याच घरात हवं असायचं. त्यामुळं देगलूरहून नायगावमार्गे यायचं आणि परत जायचं. दाजी दुकान भावावर सोडून गाडी काढायचे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाठीला हिसका बसू देऊ नका. सांगणं सोपं होतं. अक्का मागच्या सीटवर उशांमध्ये पडलेली असे. ती ओरडत नसे. पदराचा बोळा दातांत धरायची. दाजींना आरशात तो पदर दिसायचा. एकदा मीही त्यांच्यासोबत होते. नायगाव ओलांडल्यावर रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं गाडी थोडी आपटली. दाजींनी बाजूला घेऊन गाडी थांबवली, खाली उतरले आणि बोनेटवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. मला वाटलं इंजिनात काही झालं. मी जवळ गेले तर म्हणाले, "माझी गाडी मारून राहिली तिला."

दुसऱ्या दिवशी आम्ही हनीफभाईंच्या दुकानात गेलो. ते दाजींचे जुने ओळखीचे. त्यांनी खाली बसून टायरांवर हात फिरवला आणि म्हणाले, "दाजी, टायर तर नव्यागतच हायत. अजून लई चालतील."

"चालतील म्हणूनच काढायचेत," दाजी म्हणाले. "मला मऊ टायर पायजे. टिकंल किती ते मी इचारलो न्हाई."

आणि मग ते मागच्या सीटवर आडवे झाले. आधी जुन्याच टायरांवर चालव म्हणाले, म्हणजे फरक कळेल. मी नव्या मोंढ्यामागच्या उखडलेल्या रस्त्यानं एक चक्कर मारली. शक्य तितकं जपून चालवलं. परत आले तेव्हा दाजी उठून बसले होते आणि दोन्ही हातांनी समोरची सीट धरली होती. चेहरा उतरला होता.

"तंगी," ते म्हणाले, "मी तिला इतके दिवस असं आणलो?"

इतकी वर्षं ते पुढच्या सीटवर बसले होते, आणि तिथून त्यांना आपली गाडी पाण्यावरून चालल्यासारखी वाटत होती.

हनीफभाईंनी त्यांना टायरच्या बाजूवर बोट ठेवून दाखवलं. "ही भिंत बगा. जितकी उंच, तितका धक्का हीच खाती. तुमची लई बुटकी हाय. कंपनीच्या मापाचा लहान रिम घेऊ आणि वर साधा, रस्त्याचा टायर. आवाजबी जाईल."

"दिसंल कसा?" दाजींच्या तोंडून निघून गेलं. मग स्वतःच मान हलवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दिसायचं काय करायचंय आता."

त्यांना वाटलं, हवा कमी भरली तर गाडी आणखी मऊ होईल. हनीफभाईंनी साफ नकार दिला. "न्हाई दाजी. टायर तापून फुटंल. कंपनीनं दारावर लिहून दिलीय तेवढीच हवा. आपाको सलामत भी लेके जाना है ना?" दाजींनी ते ऐकलं. हनीफभाईंनी दोन प्रकारचे टायर आळीपाळीनं चढवून दिले आणि दोन्हींवर आम्ही त्याच रस्त्यानं फिरलो. पहिल्यावर दाजी मागून म्हणाले, "कंबरंला लागत न्हाई, पण कड आली की मान हिसकतीय. हे नको." दुसऱ्यावर ते काहीच बोलले नाहीत. त्याच खड्ड्यांतून गेलो, तोच गतिरोधक ओलांडला. मला वाटलं झोप लागली. दुकानापाशी थांबल्यावर एवढंच म्हणाले, "हेच." मग मागच्या नळावर तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

गाडी एकदम गरीब दिसायला लागली. देगलूरला कुणीतरी म्हणालं, "दाजी, गाडी वाळली की तुमची." दाजी म्हणाले, "हाव, मालकाबरोबर."

नव्या टायरांवर अक्का पहिल्यांदा आली त्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकात ताटकळत उभी होते. ठरलेली वेळ टळून गेली. फोन लावला तर दाजी उचलेनात. मनात नको ते येऊ लागलं. अखेर गाडी आली, अगदी सावकाश. मी चिडून पुढं गेले तर दाजींनी ओठांवर बोट ठेवलं. मागं अक्का झोपली होती. तोंड थोडं उघडं, पदर मांडीवर पडलेला. कित्येक दिवसांत मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती.

"नायगावपासून झोपली," दाजी कुजबुजले. "गाडी थांबली की जागी व्हईल म्हणून गावातच फिरून राहिलो. उठवू कसं, तू सांग?"

शेकाची वेळ हुकली. डॉक्टर रागावले. दाजींनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, पण बाहेर आल्यावर ते कितीतरी दिवसांनी हसले.

पुढं अक्काला प्रवासच झेपेना, तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली. दाजींनी गाडीही माझ्या दारात आणून लावली. "गरज कवा पडंल सांगता येत न्हाई. रिक्षात घालू नको तिला," म्हणाले. आणि आयुष्यभर गाडीशिवाय न फिरलेला हा माणूस एसटीनं येऊ-जाऊ लागला. यायचे, अक्काच्या उशाशी बसायचे, दुकानातल्या गमती कानडीत सांगायचे. बोलता बोलता स्वतःचा डावा हात चोळायचे. अक्कानं विचारलं तर म्हणायचे, "पोतं सरकवताना लचक भरली." आम्हा सगळ्यांचं लक्ष अक्काच्या श्वासाकडे होतं. हैदराबादला दिलेली त्यांची मुलगी रोज फोन करून विचारायची ते आईचंच. दाजींकडे कोण बघणार? ते तर आम्हा सगळ्यांना बघत होते.

एका सकाळी दुकानातून त्यांच्या भावाचा फोन आला. मोंढ्यात सौदे सुरू व्हायच्या आधी दाजी गादीवर बसले, पाणी मागितलं आणि पाणी येण्याआधीच गेले.

मी फोन ठेवून आत आले. अक्काला काय सांगायचं ते माझं ठरलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"त्यांनाच काही झालं ना?"

मी मान हलवली. तिनं अंगावरची चादर बाजूला केली. मग म्हणाली, "साडी बदल माझी. जायचंय."

शेजाऱ्यांच्या मदतीनं तिला मागच्या सीटवर झोपवलं आणि मी गाडी काढली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तरी दाजींनी शिकवलं होतं तसंच चालवत होते. नायगाव गेलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "जोरात घे."

"अक्का, तुला लागेल."

"लागू दे गं. त्यांना उचलायच्या आत पोचव मला."

मी गाडी पळवली. वाटेत धक्के बसले. ती एकदाही कण्हली नाही.

आमच्या लिंगायत घरांत माणूस गेल्यावर त्याला बसवतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. दाजींना भिंतीशी बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, मान किंचित कलती. बायकांनी अक्कासाठी बाजूला अंथरूण घातलं. तिनं त्याकडे पाहिलंही नाही. "मला त्यांच्याजवळ बसवा," म्हणाली. तिला बसणं अशक्य होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. कित्येक आठवड्यांत ती उशीशिवाय क्षणभर बसली नव्हती. आम्ही तिला धरून दाजींशेजारी बसवलं. मी तिच्या पाठीमागं बसले, म्हणजे माझ्यावर टेकता येईल. ती पुढं सरकली.

"टेक ना अक्का."

"नको. सगळं गाव बघायला आलंय त्यांना. त्यांच्या शेजारी मी पडून ऱ्हाऊ का?"

ती ताठ बसली. माणसं येत होती, पाया पडत होती, मुलगी हैदराबादहून पोचली, तिनं गळा काढला, तरी अक्का हलली नाही. तिच्या कपाळावर घाम डवरला होता. दाजींचा हार एका बाजूला सरकला होता, तो तिनं हात लांबवून नीट केला. मग माणसांनी त्यांना उचललं. ती डोळ्यांनी दारापर्यंत त्यांच्यासोबत गेली.

भजनाचा आवाज गल्लीच्या टोकाला वळला तेव्हा तिनं माझा हात धरला.

"गेले," ती म्हणाली. "आता आडवी कर मला."