मुशीचा गुण

पहिल्या बाळंतपणात मला दूध कमी पडलं आणि सांडोरच्या आमच्या घरात एकाएकी सगळेच डॉक्टर झाले. सासूबाई मेथीचे लाडू भरवायच्या, नणंद अळिवाची खीर. मला विश्रांती हवी म्हणून बाळ दिवसभर बाहेरच्या खोलीत, बाटलीवर.

पाचूबंदरची एक कोळीण रोज मुशी आणायची. मुशीच्या कालवणानं बाळंतिणीला दूध उतरतं म्हणे. एके दिवशी तिनं टोपली खाली ठेवली, हात धुतले, बाळ उचललं आणि थेट माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"सगला हिच्याच तोंडात कोंबताव," ती सासूबाईंना म्हणाली. "पोराचा तोंड कोन बगनार? त्याला घडीघडी पाजू दे."

त्या दिवसापासून बाळ माझ्याजवळच राहिलं आणि पंधरा दिवसांत दूध उतरलं. सासूबाईंनी गावभर मुशीचा गुण गायला. कोळीण गालात हसली आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट मुशी आणू लागली.