हाक देऊन येणाऱ्या गंगामावशी

गंगामावशी कधी कुणाच्या दारात अचानक उभ्या राहिल्या नाहीत. चार घरं अलीकडूनच त्यांचा आवाज यायचा, "सुमन, मी गंगा येऊन राहिले गं! हातात ताटली हाय, दुसरं काई न्हाई." नवख्या माणसाला वाटे, बाईला मिरवायची भारी हौस. पण ती हाक माझ्यासाठी होती.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्या कुरुंद्याच्या बाजूला हळदीसाठी जो तो विहीर खोदत होता. काळा पाषाण फोडायला सुरुंग लागायचे. आम्ही त्याला बार म्हणतो. माझे मालक खोदकामावर होते. एक बार उडाला नाही म्हणून ते बघायला खाली उतरले, आणि तो तेव्हाच उडाला. ते जागीच गेले. गंगामावशी आमच्याच गल्लीतल्या, मजुरांना पाणी पाजायच्या कामावर. त्या वेळी त्या विहिरीच्या काठावर होत्या. मी घरी होते, मला नुसता आवाज आला. आमचा बाळू तेव्हा जेमतेम रांगायला लागला होता.

त्या दिवसापासून तो आवाज माझ्या अंगात राहायला आला. कडी वाजली, पातेलं पडलं तरी छातीत धस्स व्हायचं. शिवारात बार उडाला की मी पळत सुटायची, आणि कुठं आले ते मलाच मागाहून कळायचं. एकदा अशीच पळाले आणि बाळू पेटत्या चुलीपुढं एकटा राहिला. सासूबाईंनी झडप घालून उचलला म्हणून वाचला.

सासूबाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. "हिला बाहेरचं लागलंय," त्या म्हणाल्या. "पुन्हा पळाली की गोरेगावला माहेरी धाडते. लेकरू हितंच ऱ्हाईल." दूध पाजतानासुद्धा त्या समोर बसून राहत. बाराचं भय होतंच, आता पळायचंही भय बसलं. झोपेतसुद्धा मी बाळूला चाचपायची.

तेव्हा गंगामावशी आल्या आणि माझ्याऐवजी सासूबाईंशीच बोलल्या. "अक्का, बाहेरचं काई न्हाई. भेव बसलंय. मुका मार लागला की हळद लावताच ना तुमी? ह्यो बी मुका मारच."

"मग ह्याला कोणती हळद लावू?" सासूबाई फणकारल्या.

"आधी सांगायचं, मग आवाज करायचा. तेवढीच हळद."

मग त्या मुकादमाकडं गेल्या. बार उडवायच्या आधी शाळेत निरोप द्या, म्हणाल्या. तो हसला, "एका बाईपायी काम थांबवू काय?"

"थांबवू नका. सांगा. जिचा माणूस तुमच्या कामावर गेला तिला सांगाया काय तकलीफ हाय तुमाला?"

मुकादमानं निरोप धाडायचं कबूल केलं. निरोप आला की लांबलचक घंटा द्यायला हेडमास्तर तयार झाले. उपकेंद्राच्या सिस्टरबाईंनी सासूबाईंना समजावलं, की भीतीनंही शरीर असं बिथरतं, ह्यात भुताचं काही नाही. गल्लीतल्या बायका दाराशी येण्याआधी हाक देऊ लागल्या. काहींनी नाकं मुरडली, पण दिली.

घंटा झाली की मावशी हातातलं टाकून यायच्या. "मी गंगा गं!" आल्या की माझा हात धरायच्या, असा घट्ट की बोटं पांढरी पडत. त्यांचा तळवा ओला असायचा. मला वाटे, भांडी घासता घासता उठून आल्या असतील. बार उडाला की म्हणायच्या, "झालं. गेला. आपुन दोघी हितंच हावत." मी थरथरत असायची, पण जागेवर असायची. हळूहळू सासूबाई बाळूला माझ्याजवळ सोडून पाण्याला जाऊ लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यापलीकडं विहीर खोदणाऱ्यांची बाहेरगावची नवी टोळी आली. त्यांना सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मी अंगणात डाळ निवडत होते, बाळू शेजारी खेळत होता, सासूबाई उंबऱ्यात. घंटा नाही, काही नाही, आणि बार उडाला.

भानावर आले तेव्हा मी गंगामावशींच्या घरात होते. हाक न देताच घुसले होते. बाळू माझ्या छातीशी होता, भोकाड पसरून. आणि कणगी आणि भिंतीच्या सांदीत मावशी अंग चोरून बसलेल्या, दोन्ही हात कानांवर, डोळे गच्च मिटलेले.

मी खाली बसले. "मावशी, मी सुमन. हातात बाळू हाय, दुसरं काई न्हाई."

त्यांनी चाचपत माझा हात धरला. तळवा तसाच ओला होता. "तुला काय वाटलं, मला लई धीर हाय?" त्या म्हणाल्या. "घंटा झाली की तुझ्याकडं काहून पळत येत होते मी? हितं एकटीला बसवत न्हाई गं."

विहिरीच्या काठावर त्या उभ्या होत्या हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनी काय पाहिलं, हे आम्ही कुणीच कधी विचारलं नव्हतं. मला फार रडू आलं.

मागोमाग सासूबाईंच्या चपला वाजल्या. झालं, लेकरू गेलं, असं वाटून मी बाळूला आवळून धरलं. पण चपला बाहेरच थांबल्या. "मी येऊन राहिले गं," सासूबाई म्हणाल्या, जन्मात पहिल्यांदा. आत आल्या, धापा टाकत आमच्याजवळ टेकल्या आणि बाळूच्या डोक्यावरून हात फिरवला. "पळाली," त्या मावशींना म्हणाल्या, "पर लेकरू घेऊन पळाली." गोरेगावचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढं बोअर आले, बार थांबले, घंटाही फक्त शाळेपुरती उरली. बाळू कॉलेजात होता त्या वर्षी गंगामावशी गेल्या. दुपारी अख्खी गल्ली त्यांच्याकडं निघाली, आणि चार घरं अलीकडूनच एकेक जण आपापलं नाव सांगू लागला. कुणी ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. बाळूनं माझा हात धरला, तेव्हा कुठं बोलता आलं, "मावशी, मी सुमन येऊन राहिले."