सरांचा बांगडा आणि तीन शिट्ट्या

कोल्हापुरात राहून मटणाविरुद्ध जाहीरपणे बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या मंगळवार पेठेतले, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर. त्यांच्या या धैर्याबद्दल मला आदर आहे. फक्त ते बोलत तेव्हा त्यांच्या हातात बहुतेक वेळा पांढऱ्या रश्श्याची वाटी असे.

खरं अन्न घाटाखाली आहे, असं सरांचं मत. मालवणकडून बर्फात घालून येणारा बांगडा, तारली, मांदेली हे खरे मासे. सुरमई-पापलेट ही श्रीमंतांची हौस आणि हॉटेलातला परदेशी बासा म्हणजे ओला पुठ्ठा. बांगड्यात ओमेगा-थ्री, तारलीत ड जीवनसत्त्व, मांदेली काट्यासकट चावली की कॅल्शियम, हे सगळं ते मासे विकणाऱ्या मावशींनाच त्यांच्या पाटीसमोर उभं राहून समजावत. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. एकदा मावशी म्हणाल्या, “सर, घेणार हाईसा का नुसतंच शिकवणार?” सर न घेताच परतले, कारण घरात मासा चालत नसे. त्यांच्या आईला वास सहन होत नव्हता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नियम ठणठणीत होता. एका जावळाच्या पंगतीत त्यांनी मटणाच्या ताटाकडे बोट दाखवून विचारलं, “यात ओमेगा-थ्री कुठं आहे?” वाढणारा पैलवान गडी म्हणाला, “ओमेगा न्हाय सर, नळी हाय. वाढू?” सरांनी क्षणभर विज्ञानाचा विचार केला आणि म्हणाले, “वाढ.”

मौज अशी की सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मालवणच्या किनाऱ्यावरच्या. लग्न होऊन आल्या, मटण करायला शिकल्या, चाळीस वर्षांत बोलीही इथली झाली. तुम्हाला मासा खावासा वाटतो का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. बांगड्यावर तासभर बोलणाऱ्या सरांनीही नाही. गेल्या दिवाळीनंतर काकू घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलंय, आता चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण काकू उठेनात. जेवण दोन घासांवर आलं. “उठून कुठं जायचंय मला?” एवढंच म्हणत. वॉकरवर सरांचा टॉवेल वाळू लागला. त्या दिवसांत सर माशांबद्दल एक शब्द बोलले नाहीत, तेव्हा गल्लीला खरी काळजी वाटली.

मग एका रविवारी त्यांनी आईचा नियम मोडला आणि चार बांगडे आणले. काकूंच्या अंगात ताकद यावी म्हणून स्वतःच रांधायला उभे राहिले. मी शेजारी लसूण सोलत होतो. आमच्याकडच्या पुरुषाला रस्सा एकाच रीतीने येतो. सरांनी कांदा-खोबरं भाजून वाटलं, चटणी घातली, बांगडे कुकरात ठेवले आणि मला म्हणाले, “तीन शिट्ट्या.”

पहिली झाली. आतल्या खोलीतून आवाज आला, “अहो, कुकरात काय घातलंसा?”

“बांगडा. पोषणमूल्य आत राहतं.”



“बांगडा? कुकरात? बोकड हाय काय त्यो? बंद करा आदी!”

दुसरी शिट्टी झाली, आणि पुढचं वाक्य थेट स्वयंपाकघराच्या दारातून आलं. काकू चौकट धरून अनवाणी उभ्या होत्या. “सरका.” त्यांनी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून सरांना फैलावर घेतलं. कोकम कुठाय, तिरफळं कुठायत, “एक उकळी बास हुती बांगड्याला! एवढं म्हायती न्हाय आणि गावाला शिकवतायसा!” सर मान खाली घालून डोळे पुसत होते. कांद्यामुळे, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. कांदा परतून अर्धा तास झाला होता.

आता काकू दर रविवारी स्वतः चालत मावशींकडे जातात आणि बांगड्याचे कल्ले उचलून बघतात. सरांची व्याख्यानंही पूर्ववत सुरू आहेत. स्थानिक माशाच्या पोषणमूल्याने माणूस अंथरुणातून उठतो, याला ते घरचाच दाखला देतात, आणि तो देताना काकूंकडे जरा जास्त वेळ बघत राहतात. मी कधी वाद घालत नाही.

त्या दिवशीचे चारही बांगडे गल्लीतल्या मांजराने खाल्ले.